साडेतीन वाजता खुर्च्या का सरकतात

माझा भाचा नागपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर अभ्यासाला बसतो. इमारत नवी आहे आणि पश्चिमेची अख्खी बाजू काचेची. उद्घाटनाच्या फोटोत ती झकास दिसते. पण एप्रिल लागला की दुपारी साडेतीनला तिथं रोजची कवायत सुरू होते. काचेजवळची मुलं वह्या-बाटल्या उचलून खुर्ची एक फरशी आत सरकवतात. चारला आणखी दोन फरश्या. साडेचारला निम्मा हॉल रिकामा आणि उरलेल्या निम्म्यात सगळे मांडीला मांडी लावून. ज्यांना जागा सोडायची नसते त्यांनी काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवली आहेत.

"मामा, तुम्ही काचवाले लोक मे महिन्यात इथं एक दिवस बसून दाखवा," त्यानं मला सुनावलं. माझं पोट ॲल्युमिनियम आणि काचेच्या दर्शनी भिंतींवरच चालतं, म्हणून. ती इमारत आमची नव्हे, पण टोमणा लागायचा तो लागलाच. मी जाऊन बसलो. काचेवर हात ठेवला तर दोन सेकंदांत काढावा लागला. हॉलमध्ये एसी चालू होते, तरी काचेकडची बाजू तापत होती. चुलीसमोर बसलं की पाठ गार आणि तोंड लाल होतं, तसं. त्या दिवशी त्याला जे समजावून सांगितलं, ते इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी ऊन आत कसं येतं ते बघू. आपल्याला ऊन म्हणजे उजेड वाटतो. खरं तर उन्हातली साधारण निम्मी उष्णता डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते, बाकीची बहुतेक दिसणाऱ्या उजेडातून, आणि उरलेला थोडा हिस्सा अतिनील किरणांचा. साधी काच यातलं बरंच काही सरळ आत सोडते. आत आलेलं ऊन फरशीवर, टेबलावर, पुस्तकांच्या पाठींवर पडतं आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तू जी उष्णता परत फेकतात ती वेगळ्या, लांब लहरींची असते, आणि ती मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. सीताबर्डीत दुपारी कार उन्हात लावून खरेदीला गेलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. स्टिअरिंगला हात लावला की सगळं कळतं.

काचेचं हे वागणं आमच्या धंद्यात मुख्यतः तीन आकड्यांत मोजतात. काचेवर पडलेल्या उन्हापैकी किती उष्णता आत येते तो एसएचजीसी. किती उजेड आत येतो तो व्हीएलटी. आणि ऊन पडलेलं नसतानाही, नुसत्या आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकामुळे किती उष्णता झिरपते ती यू-व्हॅल्यू. साध्या सहा मिलिमीटर काचेचा एसएचजीसी ०.८ च्या वर असतो, म्हणजे शंभरातली ऐंशी घरात. यू-व्हॅल्यू ५.७ च्या आसपास.

आता हिशोब. मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडतं असं धरू. काच १०० चौरस मीटर, म्हणजे अकराशे चौरस फुटांच्या आसपास. साध्या काचेतून ४९ किलोवॉट उष्णता आत आली. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे नुसत्या उन्हासाठी १४ टन गेले. बाहेर ४५ अंश आणि आत २५ असेल तर तापमानाच्या फरकानं आणखी सव्वातीन टन. सतरा टनांचे एसी या एका भिंतीपायी! मुलांची, दिव्यांची, गच्चीची उष्णता यात धरलेलीच नाही. तीच काच दुहेरी, चांगल्या कोटिंगची घेतली, एसएचजीसी ०.२७ आणि यू-व्हॅल्यू १.८ ची, तर सगळं मिळून साडेपाच टनांच्या आसपास भागतं.

"मग संपलं की, महाग काच लावायची," भाचा म्हणाला. इथंच सगळे फसतात. साडेपाच टन म्हणजेही एका भिंतीसाठी बरंच झालं, आणि अशी काच उन्हात उभी केली तर तिच्याजवळ बसणाऱ्याच्या डोळ्यावर तिरीप येतेच. काच कोणती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. पहिला प्रश्न, काच कोणत्या दिशेला. दुसरा, तिच्यावर सावली कशाची.

नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या किंचित खाली. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या अगदी डोक्यावर येतो, एकदा २६ मेच्या सुमाराला आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. मेमधला तो दिवस आपल्या नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांच्या, सुरुवातीलाच पडतो हा योगायोग मला दरवर्षी गंमतशीर वाटतो. बाराच्या थोडं पुढे खांबाची सावली खांबाच्या बुडातच गडप. २०१३ च्या मे महिन्यात इथं ४७.९ अंश नोंदले गेले, तेही याच सुमाराला.

डोक्यावरच्या सूर्याची भिंतीला फारशी भीती नसते, तो गच्ची भाजतो. भिंतीचा शत्रू खाली उतरलेला सूर्य. मे महिन्यात दुपारी चारच्या पुढे तो क्षितिजापासून जेमतेम ३४ अंशांवर असतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर जवळजवळ समोरून येतो. आठ फूट उंचीच्या खिडकीला छज्जा काढून ही सावली करायची म्हटली तर छज्जा बारा फूट पुढे काढावा लागेल. पाचनंतर वीस फूटही पुरत नाहीत. त्याला छज्जा नाही म्हणत, त्याला मंडप म्हणतात. म्हणून पश्चिमेला नुसता आडवा छज्जा कामाचा नाही. तिथं एक तर काच कमीत कमी ठेवायची, जिने, लिफ्ट, संडास, स्टोअर असल्या खोल्या त्या बाजूला टाकायच्या, नाही तर काचेच्या बाहेर जाळी किंवा हलवता येतील अशा उभ्या पट्ट्या लावायच्या.

दक्षिणेचं गणित मात्र सरळ आहे. तिथं आठ फूट खिडकीवर तीन फुटांपेक्षा थोडासा जास्त छज्जा काढला, तर २० मार्चपासून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दिवसभर ऊन काचेला शिवत नाही. हिवाळ्यात सूर्य खाली येतो, डिसेंबरात भर दुपारी ४५ अंशांवर, तेव्हा थोडं ऊन आत येतं. नागपूरच्या डिसेंबरात त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार तेवढी टोचते.

उत्तरेबद्दल एक गैरसमज आहे. थंड देशांतली पुस्तकं सांगतात की उत्तरेचा उजेड कायम मऊ असतो, तिथं ऊन येतच नाही. ते त्यांच्याकडे बव्हंशी खरं आहे. आपल्याकडे २१ जूनला सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो, दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडे कलतो आणि तसाच उत्तरेकडून मावळतो. म्हणजे मे ते जुलै उत्तरेच्या काचेवर सकाळ-संध्याकाळ ऊन घासत जातं. घासत जातं हेच बरं, कारण तिरपं ऊन अडवायला फूटभर बाहेर आलेले उभे पंख पुरतात. तेवढं केलं की उत्तर ही नागपुरात काचेसाठी सगळ्यात भली दिशा.

सावली बाहेर का हवी, आत पडदा का चालत नाही, हेही त्या दिवशी विचारून झालं. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ऊन काचेच्या आत येऊन चुकलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. आपल्या आज्या गॅलरीत बांबूची चिक बाहेरच्या बाजूला सोडायच्या, दाराला वाळ्याचे ताटे बाहेरून लावायच्या. आताही उन्हाळ्यात अंगणावर आणि गच्चीवर हिरवी जाळी ताणली जाते. ही सगळी मंडळी दर्शनी भिंतीचं शास्त्र न शिकता बरोबर वागत होती. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या इमारतींचे खोल व्हरांडे तेच करतात: आधी सावली, मग भिंत, मग खिडकी.

आता ग्रंथालयाची खास अडचण. घरात किंवा ऑफिसात फक्त माणसांचा विचार करायचा असतो. ग्रंथालयात दोन भाडेकरू राहतात आणि दोघांच्या मागण्या उलट्या आहेत. वाचणाऱ्याला उजेड हवा, पुस्तकाला अंधार. कागदात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य असतं, विशेषतः स्वस्त कागदात, ते उजेडानं, त्यातही अतिनील किरणांनी पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. काचेवर चिकटवलेल्या त्या वर्तमानपत्रांकडे बघा. दोन महिन्यांत ती चहाच्या रंगाची झालेली असतात. टेबलावर वाचायला ३०० ते ५०० लक्स उजेड पुरतो, जुनी हस्तलिखितं दाखवायला ५० लक्सच्या वर जाऊ नये असा संग्रहालयांचा संकेत आहे, आणि बाहेरच्या भर उन्हात असतात एक लाखाच्या आसपास. एवढ्या मोठ्या नळाला एवढीशी तोटी बसवायची आहे.

ही चूक मोठमोठ्यांनी केली आहे. पॅरिसच्या फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाचे चार काचेचे मनोरे उघडलेल्या पुस्तकासारखे उभे आहेत, दॉमिनिक पेरो यांनी आखलेले. कल्पना सुरेख, पण पुस्तकं ठेवायची होती नेमकी त्या मनोऱ्यांत. आरडाओरडा झाला आणि शेवटी काचेच्या आत लाकडी झडपा लावून पुस्तकं झाकली गेली. म्हणजे पारदर्शक मनोऱ्यात लाकडाची भिंत! याच्या उलट वास्तुरचनाकार लुई कान. अहमदाबादच्या आयआयएममुळे ते आपल्याला माहीत असतात. अमेरिकेतल्या एक्झिटर इथल्या शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी पुस्तकं आतल्या भागात ठेवली आणि वाचायच्या जागा कडेनं खिडकीपाशी. प्रत्येक टेबलाशी एक छोटी खिडकी आणि तिला लाकडी झडप, वाचणाऱ्यानं आपली आपण सरकवायची. मला हे दुसरं फार पटतं. पुस्तक घ्यायला सावलीत जा, वाचायला उजेडात या.

उजेड किती आत जातो याचा एक ठोकताळा आहे: खिडकीच्या वरच्या काठाच्या उंचीच्या दीड ते दोन पट. काठ दहा फुटांवर असेल तर पंधरा-वीस फुटांपर्यंत वाचण्यालायक उजेड पोचतो. त्यापलीकडे भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची केली तरी विशेष फरक पडत नाही. गुडघ्याच्या खालच्या काचेतून येणारा उजेड तर टेबलाखालीच पडतो. त्या भागात साधी उष्णतारोधक भिंत घातली तर वाचकाचं काही बिघडत नाही आणि एसीचं बिल वाचतं. देशाच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीतही भिंतीच्या एकूण क्षेत्राच्या ४० टक्क्यांवर काच नको असंच म्हटलं आहे. नागपूर त्यात संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात येतं, आणि उत्तर सोडून बाकी दिशांच्या काचेचा एसएचजीसी ०.२७ च्या आत हवा, उत्तरेला ०.५० पर्यंत चालतो. वर हिशोबात घेतलेला आकडा तिथूनच आला.

दिशा आणि सावली ठरली की मग काच निवडायला बसायचं. आपल्याकडे स्वस्तातला उपाय म्हणजे गडद निळी किंवा आरशासारखी काच. ती उष्णता अडवते, पण उजेडही अडवते, मग भर दुपारी दिवे लावून बसा. शिवाय तिचा आरसा उजेडाच्या बाजूनं चमकतो. रात्री आत दिवे लागले की वाचणाऱ्याला समोर स्वतःचा चेहरा दिसतो आणि रस्त्यावरच्यांना आख्खं वाचनालय. रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या अभ्यासिकेत हे फार खटकतं.

बरी काच म्हणजे दुहेरी, मध्ये हवेचा किंवा आर्गॉन वायूचा थर, आणि एका पृष्ठभागावर चांदीचा अतिसूक्ष्म लेप. हा लेप, लो-ई म्हणतात तो, उजेड बराचसा सोडतो आणि अवरक्त उष्णता परतवतो. आपल्या उन्हात तो बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. साइटवर कधी कधी काच उलटी बसवली जाते, आणि नुसत्या डोळ्यांनी कळतही नाही. तपासायची युक्ती सोपी आहे. संध्याकाळी आत उभं राहून काचेसमोर लायटर पेटवायचा. ज्योतीची चार प्रतिबिंबं एकामागे एक दिसतात, कारण पृष्ठभाग चार आहेत. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसतं, तिथं लेप. आतून मोजून तिसरं असेल तर काच बरोबर बसली आहे. दुसरं असेल तर फॅब्रिकेटरला फोन लावा.

ग्रंथालयात आतली काच लॅमिनेटेड घ्यावी. तिच्यात एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाचा पारदर्शक थर असतो, तो अतिनील किरणं जवळजवळ सगळी अडवतो. उजेडाचं नुकसान त्यानं संपत नाही, पण पुस्तकांचा सगळ्यात मोठा वैरी दाराबाहेर राहतो. आणि काच फुटली तर तुकडे त्या थराला चिकटून राहतात, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर येत नाहीत. टफन काच चार-पाच पट मजबूत असते हे खरं, पण तिच्यात निकेल सल्फाइडचा कण अडकलेला असेल तर ती कधी तरी, कुणी हात न लावता, आपसूक फुटते. म्हणून उंचावरची टफन काच भट्टीत तापवून आधीच तपासून घेतात. जो तुकडा फुटायचा तो तिथंच फुटतो.

आणखी एक आवडती गोष्ट, छापील काच. काचेवर चिनी मातीसारखा रंग भाजून ठिपके किंवा रेघा काढतात, त्याला फ्रिट म्हणतात. जर्मनीत कॉटबुसच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सगळी काच वेगवेगळ्या लिप्यांतल्या अक्षरांनी छापली आहे, एकमेकांवर चढवून, इतकी की मजकूर वाचता येत नाही, नुसतं पांढरं धुकं दिसतं. नागपुरात कुणी मोडीची वळणं अशी छापली तर! सावली ती सावली आणि पाखरांना काच दिसते ते वेगळं. आकाश समजून काचेवर आपटणारे पक्षी ही खरीखुरी अडचण आहे, आणि नागपूरसारख्या झाडांच्या शहरात तर जास्तच.

बाकीचं काम दिसत नाही, पण गळतं तेव्हा सगळ्यांना कळतं. काचेची भिंत इमारतीचं वजन घेत नाही, ती स्लॅबला पडद्यासारखी टांगलेली असते. पडदा हलायला जागा लागते. चार मीटरची ॲल्युमिनियमची उभी पट्टी थंडीच्या पहाटे १० अंशांवर आणि मेच्या दुपारी ७० अंशांवर असेल तर तिच्या लांबीत पावणेसहा मिलिमीटरचा फरक पडतो. काच त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढते. जोडात ही फट सोडली नाही तर पट्टी वाकते किंवा काच तडकते. वाऱ्याचंही तसंच. भारतीय मानकात नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे दर चौरस मीटरला एकशे वीस किलोच्या आसपास दाब. इमारतीच्या कोपऱ्यांवर वारा काच आत ढकलण्यापेक्षा बाहेर खेचतो जास्त. वळिवाच्या आधीची वावटळ ज्यानं पाहिली आहे त्याला हे खोटं वाटणार नाही.

पावसाचं तंत्र मात्र लोकांना उलटं वाटतं. चांगली भिंत पाणी शंभर टक्के अडवत नाही. थोडं पाणी चौकटीत येणारच असं धरून आत नाली ठेवतात आणि खाली बारीक भोकं, त्यातून ते बाहेर जातं. एका इमारतीत गळती लागली म्हणून मला बोलावलं होतं. बघतो तर देखभाल करणाऱ्यानं पहिल्या पावसात सगळी भोकं सिलिकॉननं बुजवली होती. "साहेब, पाणी तिथूनच येत होतं ना," तो म्हणाला. येत नव्हतं, जात होतं. भोकं मोकळी केली, तासाभरात फरशी कोरडी.

आणि आग. स्लॅबची कड आणि टांगलेली काच यांच्यामध्ये बोटभर ते वीतभर फट असते. ती खनिज लोकरीनं नीट भरली नाही तर खालच्या मजल्याचा धूर सरळ वर चढतो. कागदाच्या कोठारात यावर हात आखडता घ्यायचा नाही.

परत त्या हॉलकडे. चिकटवलेल्या वर्तमानपत्रांनी ऊन कमी झालं, पण एका काचेला खालच्या काठापासून सरळ वर जाणारी भेग पडली. व्यवस्थापनाला वाटलं कुणी दगड मारला. दगडाची भेग एका ठिपक्यातून चहूकडे फुटते. काठाशी काटकोनात सुरू होणारी भेग उष्णतेची. कागदामागचा काचेचा मधला भाग भयंकर तापला, चौकटीत दडलेली कड थंड राहिली, आणि त्या ताणानं काच गेली. त्यांनी काचेला खेटून पुस्तकांचं कपाट ठेवायचं ठरवलं होतं, ते मी थांबवलं. त्यानंही हेच झालं असतं, वर पुस्तकं गेली असती.

बाहेरून एक फूट अंतर सोडून लोखंडी चौकटीवर जाळी बसवा, एवढंच सुचवलं. भारी काच बसवण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडली. भाचा सांगतो की आता शेवटची रांग पाचपर्यंत भरलेली असते आणि सव्वापाचला एखादीच खुर्ची सरकते. आतले कागद मात्र अजून कुणी काढलेले नाहीत. त्यातल्या एका पिवळ्या पानावर कूलरच्या सेलची जाहिरात अजून वाचता येते.